शहरातला पूर कुणाला जास्त बुडवतो? मुंबईच्या निमित्ताने नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्यात मुंबईच्या पुराची चर्चा तीन आकड्यांभोवती फिरते: किती मिलिमीटर पडला, भरती किती मीटरची होती आणि नालेसफाई किती टक्के झाली. हे आकडे लागतातच. पण एकाच रात्री, एकाच पाण्यात सापडलेल्या दोन घरांपैकी एक घर चार दिवसांत सावरतं आणि दुसरं पुढची दोन वर्षं कर्ज फेडत बसतं, असं का होतं, याचं उत्तर त्यांत मिळत नाही. वस्त्यांमधल्या बैठकांत, सोसायट्यांत आणि कॉलेजच्या मुलांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः मुंबईची आहेत, थोडी पुण्याची.

पाऊस तर सगळ्यांवर सारखाच पडतो. मग पुरात गरीब-श्रीमंत कुठून आलं?

पाऊससुद्धा सारखा पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच दिवशी कुलाब्यात पाऊणशे मिलिमीटरच्या आसपास. दक्षिण मुंबईतल्या ऑफिसांत बसलेल्या कित्येकांना उपनगरांत काय चाललंय याचा संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता.

पण समजा, पाऊस सारखाच पडला. कुर्ल्यातल्या एखाद्या गल्लीत पाणी कमरेपर्यंत चढलं. शेजारच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाची गाडी बंद पडते, लिफ्ट बंद पडते, दोन दिवस पिण्याच्या पाण्याचे हाल होतात. खालच्या दहा बाय बाराच्या खोलीत मात्र गाद्या, पीठ, तांदूळ, मुलांची दप्तरं, शिलाई मशीन, मशीनवर अर्धवट शिवलेला दुसऱ्याचा माल आणि पत्र्याच्या पेटीतले कागद असं सगळं एकदम भिजतं. त्या घरातला माणूस रोजंदारीवर असेल तर कामाचे दिवस बुडतात. बाई चार घरची धुणीभांडी करत असेल तर खाडे पडतात, आणि खाड्यांचे पैसे कापणारी घरं अजूनही आहेत. भिजलेला माल भरून द्यावा लागतो. मग सावकार, बचतगट किंवा सोनं गहाण.

जोखीम तीन गोष्टींनी मिळून बनते. पाणी येण्याची शक्यता किती, त्या पाण्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि तो फटका सोसून पुन्हा उभं राहायची ताकद किती. पहिल्या गोष्टीवर आपण करोडो रुपये खर्च करतो. तिसरीबद्दल जवळजवळ बोलतच नाही. तिलाच अभ्यासक सामाजिक असुरक्षितता म्हणतात.

ही असुरक्षितता मोजता येते का?

येते, बऱ्यापैकी. अमेरिकेतल्या भूगोलाच्या अभ्यासक सुसान कटर यांनी २००३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक निर्देशांक मांडला. उत्पन्न, वय, घराचा प्रकार, भाड्याने राहणं, नोकरीचा प्रकार अशा जनगणनेतल्या अनेक बाबी एकत्र करून कुठला जिल्हा आपत्तीत जास्त कोलमडेल याचा अंदाज त्यातून बांधता येतो. नंतर जगभर याच्या आवृत्त्या निघाल्या.

मुंबईपुरतं बोलायचं तर तो साचा जसाच्या तसा चालत नाही. इथे विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. घराचं जोतं रस्त्याच्या वर आहे की खाली? पोटमाळा आहे का, आणि घरातली म्हातारी माणसं त्या लोखंडी शिडीवरून वर चढू शकतात का? विजेचा मीटर किती उंचीवर आहे? शौचालय घरात आहे की वस्तीच्या टोकाला? घर स्वतःचं की भाड्याचं, आणि भाड्याचं असेल तर करारनामा आहे का? कमाई महिन्याची की रोजची? आणि २०११ नंतर जनगणनाच झालेली नसल्याने जे आकडे हाताशी आहेत तेही जुने आहेत. त्या जनगणनेत मुंबईतली सुमारे ४० टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहत असल्याचं दिसलं होतं.

२०२० च्या जूनमध्ये सुरू झालेल्या आयफ्लोज-मुंबई या पूर इशारा प्रणालीत असुरक्षिततेसाठी एक स्वतंत्र भाग ठेवलेला आहे. पालिकेच्या मार्च २०२२ च्या हवामान कृती आराखड्यानेही पाणी तुंबण्याची ठिकाणं आणि तिथली लोकवस्ती एकत्र पाहिली. म्हणजे विचार सुरू झालाय. तो गल्लीपर्यंत पोचणं बाकी आहे.

मुंबईत पाणी नेमकं तुंबतं कशामुळे?

थोडक्यात: जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा हिशोबाने बांधलेली, तीही ओहोटीच्या वेळी. पावसाळी गटारं सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ही क्षमता ५० मिलिमीटर करायचं ठरलं. त्याचा अहवाल १९९३ चा, पण कामाला खरा वेग आला २००५ नंतर. २६ जुलैला तासाला १९० मिलिमीटरपर्यंत पाऊस झाला होता. गटारांची समुद्रात उघडणारी बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे भरतीच्या वेळी पाणी बाहेर पडत नाही, उलट आत येतं. म्हणून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी पंप बसवून पाणी उपसावं लागतं.

त्यात मिठी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली, जेमतेम १८ किलोमीटरची ही नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, भराव टाकून उभ्या केलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलाला वळसा घालते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत तिला काटकोनात वळवलंय, अरुंद केलंय. २६ जुलैनंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने हे सगळं लिहून ठेवलं आहे. नदीची जागा सर्वांत जास्त कुणी घेतली, हे त्या नकाशावर बोट ठेवून पाहावं. त्यात झोपड्या आहेत, पण त्या एकट्या नाहीत.

लोक मुळात नदीकाठी, नाल्याकाठी राहायला जातातच कशाला?

हा प्रश्न विचारताना आपण गृहीत धरतो की त्यांच्यापुढे दुसरी जागा होती.

कामाच्या जवळ राहणं ही गरिबाची चैन नाही, गरज आहे. पहाटे पाचला मासळी बाजारात पोचायचं, सकाळी सातला पहिल्या घरी भांडी घासायला जायचं, नाक्यावर आठच्या आत उभं राहायचं, तर विरारच्या पुढून येऊन चालत नाही. शहरात परवडणारी जागा कुठे उरते? जिथे बिल्डरला तेव्हा रस नव्हता तिथे: नाल्याची कड, खाडीचा भराव, डोंगराचा उतार, जलवाहिनीची बाजू, रेल्वेची हद्द. कित्येक वस्त्या कुणीतरी विकलेल्या आहेत. गावगुंडाने, कधी स्थानिक पुढाऱ्याच्या आशीर्वादाने, भराव टाकून प्लॉट पाडले आणि लोकांनी रोख पैसे मोजून ते घेतले. गावाकडे दुष्काळ, गिरण्या बंद पडल्यावर चाळीतली जागा सुटली, रस्तारुंदीत घर गेलं, अशी प्रत्येक घराची कारणं वेगळी. जात आणि धर्मही यात आहे. भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारलं जातं हे मुंबईत सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांना चांगल्या वस्तीत नकार मिळतो ते सखल भागात येऊन थांबतात.

वस्तीवाले नाल्यात कचरा टाकतात म्हणूनच पाणी तुंबतं ना?

कचरा टाकला जातो, आणि त्याचा त्रास सर्वांत आधी वस्तीलाच होतो. ते थांबायला हवं, यात दुमत नाही. पण ज्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं, तिथे घंटागाडी येत नाही. कचराकुंडी मुख्य रस्त्यावर, तीही भरून वाहणारी. कचरा उचलण्याची सोय जिथे नीट झाली तिथे नाल्यातला कचरा कमी झालेला मी पाहिला आहे.

शिवाय नाला भरतो तो एकट्या प्लास्टिकने नाही. बांधकामांचा राडारोडा रात्रीच्या अंधारात डंपरने कुठे ओततात, डोंगर पोखरल्यावर सुटलेली माती कुठे जाते, हेही पाहायला हवं. आणि गाळ काढण्यासाठी दिलेल्या पैशाचं काय होतं? मिठीचा गाळ काढण्याच्या कामात सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला. आरोप सिद्ध व्हायचे आहेत. पण दोष देताना पिशवी टाकणाऱ्या बाईवरच थांबणं मला अन्यायाचं वाटतं.

आम्ही इमारतीत राहतो. आम्हाला धोका नाही असं समजायचं का?

मुळीच नाही. २६ जुलैला गाड्यांच्या बंद काचांआड गुदमरून माणसं गेली. २९ ऑगस्ट २०१७ ला शहरातले एक नामवंत डॉक्टर गाडीतून उतरून पाण्यातून घरी चालत निघाले आणि एल्फिन्स्टन भागात उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. पाणी रस्त्यावर असताना पैसा उपयोगी पडतोच असं नाही.

पण २५ जुलै २०२४ चं पुणं आठवा. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत सोसायट्यांचे खालचे मजले बुडाले. मध्यमवर्गीय घरांचं फार मोठं नुकसान झालं आणि त्यांचा संताप रास्त होता. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत तीन तरुण विजेचा धक्का लागून मरण पावले. अंडाभुर्जीची हातगाडी पाण्यातून हलवायला ते गेले होते. गाडी वाहून गेली असती तर दुसऱ्या दिवसाची कमाई गेली असती, म्हणून ते पाण्यात उतरले.

नदी एकच, दिवस एकच. दोन्हीकडे नुकसान झालं. जीव धोक्यात घालून हातगाडी वाचवणं भाग पडावं, ही असुरक्षितता मात्र पुलाच्या वाडीतली आहे.

इशारा मिळतो, लाउडस्पीकर फिरतो, तरी लोक घर का सोडत नाहीत?

मिठीची पातळी वाढली की कुर्ल्याच्या क्रांतीनगरातून लोकांना बाहेर काढण्याची वेळ येते. १९ ऑगस्ट २०२५ ला पातळी ३.९ मीटरपर्यंत गेली आणि तिथल्या काहीशे लोकांना पालिकेच्या शाळेत हलवलं. निघताना लोक कां-कू करतात हे खरं. त्यामागे त्यांचा हिशोब असतो.

घर मोकळं सोडलं तर चोरी होते. गॅसचा सिलिंडर, टीव्ही, भांडी परत मिळतील याची खात्री नसते. काहींना वाटतं, एकदा बाहेर काढलं की मागे घर पाडतील. ही भीती उगाच आलेली नाही, पावसाळ्यापूर्वी पाडकाम झालेल्या वस्त्या लोकांना आठवतात. निवारा म्हणून दिलेल्या शाळेत शौचालय किती, बायकांना आडोसा आहे का, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात कोण नेणार, कोंबड्या-बकऱ्यांचं काय, हे कुणी सांगत नाही. आणि मागच्या चार वेळा इशारा आला तेव्हा पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन ओसरलेलं असतं.

यावर उपाय अवघड नाहीत. निवाऱ्याची जागा पावसाळ्याआधी वस्तीतल्या बायकांना दाखवून आणावी. रिकाम्या घरांवर पहारा ठेवायला वस्तीतलीच पोरं आणि एक पोलीस शिपाई नेमावा. आणि ‘बाहेर पडलात म्हणून घराचा हक्क जाणार नाही’ हे सही-शिक्क्याच्या कागदावर द्यावं. तेवढ्या एका कागदाने लाउडस्पीकरपेक्षा जास्त काम होईल.

पुरात बायकांना वेगळा त्रास होतो तो कोणता?

सार्वजनिक शौचालय पाण्याखाली गेलं की पुरुष कुठेतरी भागवतो. बाई सकाळपासून पाणी पिणं बंद करते. पाळी असेल तर हाल विचारू नका: कपडा वाळत नाही, पॅड टाकायला जागा नाही. गरोदर बाईला गुडघाभर पाण्यातून न्यायचं तर चार माणसं लागतात.

घरी बसून करायची कामंही बायकांचीच: पापड लाटणं, साडीला फॉल-बिडिंग, इमिटेशनचे दागिने जोडणं, कपड्यांचे धागे कापणं. तो माल ठेकेदाराचा असतो. भिजला तर पैसे बाईच्या कमाईतून वळते होतात. पंचनाम्यात ‘घरगुती सामान’ असा रकाना असतो, या मालाला रकाना नसतो, कारण ते घर कारखानाही आहे हे सरकारी कागदाला ठाऊक नाही.

आणि पाणी ओसरल्यावर चिखल उपसणं, भांडी घासणं, लहानग्यांचे जुलाब, टँकरची रांग. ही मजुरी कुठल्याच नुकसानीच्या आकड्यात धरली जात नाही. मला विचाराल तर सर्वांत मोठी नोंद इथेच गाळली जाते.

आम्ही भाड्याने राहतो. सरकारी मदत आम्हाला मिळते का?

सामानाचं नुकसान तुमचं झालेलं असतं, म्हणून कपडे आणि भांड्यांसाठीची मदत प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबाला मिळायला हवी. घराच्या भिंतीसाठीची मदत मालकाची. अडचण पुराव्याची असते. खोलीमालक करारनामा करत नाही, रेशनकार्ड गावाकडचं, विजेचं बिल मालकाच्या नावाचं. पंचनाम्याच्या वेळी मालक हजर होतो आणि नाव त्याचं लागतं.

यासाठी आधीच तयारी ठेवा. मुलांच्या शाळेचा दाखला किंवा बोनाफाइड, दवाखान्याचे कागद, गॅसची पावती, बँकेचं पासबुक, यांपैकी ज्यावर इथला पत्ता आहे ते जपून ठेवा. भाडं शक्यतो मोबाइलवरून द्या, म्हणजे नोंद राहते. पंचनाम्याला शेजाऱ्यांपैकी दोघे तुमच्यासाठी साक्षीला उभे राहिले तर बरंच वजन पडतं.

पंचनामा कोण करतं? मदत किती मिळते?

शहरातही हे काम महसूल यंत्रणेचं. तहसीलदार कार्यालयाची माणसं येतात, कधी पालिकेचे कर्मचारी सोबत असतात. ती येण्याआधी घर साफ करण्याची घाई झाली तर आधी फोटो आणि व्हिडिओ काढा. भिंतीवरची पाण्याची रेषा, भिजलेल्या वस्तू, आणि एखाद्या फोटोत घराबाहेरचा क्रमांक किंवा ओळखीची खूण येऊ द्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचून घ्या, आणि त्याचाही फोटो काढा.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये मिळतात. कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी प्रति कुटुंब प्रत्येकी २,५०० रुपये, असा केंद्राचा २०२२-२६ या काळासाठीचा दर होता. राज्य सरकार मोठ्या पुरात वाढीव मदत जाहीर करतं. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीच्या पुरात शहरी कुटुंबांना १५ हजार आणि ग्रामीण कुटुंबांना १० हजार दिले गेले. २०२१ च्या पुरानंतर दुकानदारांना ५० हजारांपर्यंत आणि टपरीधारकांना १० हजारांपर्यंत मदत जाहीर झाली. हातावर पोट असलेल्या टपरीवाल्याचा वेगळा विचार झाला, हे पाऊल महत्त्वाचं होतं.

एक खटकणारी गोष्ट. घर दोन दिवसांहून अधिक पाण्यात असावं, अशी अट या निकषांत राहिलेली आहे. सरकारने वेळोवेळी ती शिथिल केली, पण दर वेळी त्यासाठी वेगळा आदेश लागतो. कृष्णा-पंचगंगेच्या महापुराला ही अट लागू पडेल. मुंबईत पाणी सहा-आठ तासांत ओसरतं, आणि गादी व गव्हाचं पीठ खराब व्हायला एक तास पुरतो. शहरातल्या पुरासाठी ही अट कायमची काढायला हवी.

कागदपत्रं वाहून गेली तर काय करायचं?

पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करा आणि तिची प्रत घ्या, पुढच्या प्रत्येक टेबलावर ती लागते. आधार पुन्हा छापून मिळतं. रेशनकार्डाची दुय्यम प्रत शिधावाटप कार्यालयात मिळते. दहावी-बारावीची गुणपत्रिका मंडळाकडून.

सर्वांत अवघड असतात ती जुनी कागदं: १९९५ किंवा २००० च्या आधीची मतदार यादीतली नोंद, फोटोपास (झोपडीधारकाला मिळणारं सरकारी ओळखपत्र), दंडाची पावती, जुनं वीजबिल. झोपडपट्टी पुनर्वसनात घर मिळणार की नाही हे याच कागदांवर ठरतं. १ जानेवारी २००० पर्यंतच्या झोपडीधारकाला मोफत घर, त्यानंतर २०११ च्या सुरुवातीपर्यंतच्यांना पैसे भरून, अशी ही रचना आहे. म्हणजे एका पुरात पेटी भिजली तर माणूस त्या रात्रीच्या सामानाबरोबर भविष्यातल्या घरालाही मुकू शकतो. म्हणून या कागदांचे फोटो आजच काढा, स्वतःलाच ईमेल करा, गावाकडच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. मूळ प्रती जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पोटमाळ्यावर.

पाण्यातून चालून आल्यावर लगेच औषध घ्यावं का?

लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर, कुत्रे, गुरं यांच्या मूत्रातले जिवाणू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. पाण्यातून चालला असाल, विशेषतः पायाला जखम असेल, तर तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांचा सल्ला घ्या. प्रतिबंधक गोळी तिथे मोफत मिळते. स्वतःच्या मनाने मेडिकलमधून घेऊ नका, गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना औषध वेगळं असतं. ताप आला तर ‘दोन दिवस बघू’ म्हणू नका. सफाई कामगार, रिक्षावाले, डिलिव्हरीवाली पोरं यांना हे कुणी सांगत नाही आणि पाण्यात सर्वांत जास्त तेच असतात.

घराचा विमा काढता येतो का?

येतो. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे आहे आणि तिच्यात पूर धरलेला आहे. पक्क्या, कायदेशीर घरात राहत असाल तर जरूर काढा. अनधिकृत वस्तीतल्या घराला मात्र विमा मिळवणं आजही फार कठीण आहे. तिथे बचतगटातला आपत्तीसाठीचा वेगळा निधी हाच काय तो आधार.

दरड कोसळणं हा पुराचाच प्रश्न आहे का?

कारण तोच पाऊस, आणि माणसंही त्याच आर्थिक थरातली. २६ जुलैला साकीनाका भागात डोंगर खचून ७० हून अधिक लोक गेले. २ जुलै २०१९ च्या पहाटे मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत पडून सुमारे ३० जण दगावले. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या वाशीनाका भागात आणि विक्रोळीत भिंत, दरड आणि घरं कोसळून पुन्हा तितकेच. पिंपरीपाड्याची भिंत वस्तीच्या भल्यासाठी बांधलेली नव्हती, ती पाण्याच्या टाकीची होती. तिच्या तळाला पाणी निघायला पुरेशी भोकं आहेत का, हे खाली झोपणाऱ्यांनी तपासायचं नसतं.

या सगळ्यांना पक्की घरं देऊन हलवणं हाच उपाय नाही का?

काही ठिकाणी हलवावंच लागेल. नदीच्या अगदी पात्रात किंवा सुटलेल्या कड्याखाली राहू देणं ही दया नव्हे. प्रश्न आहे कुठे आणि कसं.

जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना माहुलला हलवलं. आजूबाजूला तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने. लोक श्वसनाच्या आजारांनी त्रस्त झाले, कामं सुटली, मुलांच्या शाळा सुटल्या. शेवटी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की लोकांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, आणि पर्यायी घर मिळेपर्यंत महिना १५ हजार रुपये भाडं द्यायला सांगितलं. चेन्नईत अड्यार नदीच्या काठावरची माणसं २०१५ च्या पुरानंतर पेरुंबाक्कमला नेली, जे पळ्ळीकरणै दलदलीच्या शेजारी आहे आणि तिथेही पाणी भरतं.

आता धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांसाठी भाड्याची घरं बांधायला मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग परिसरातली अडीचशेहून अधिक एकर मिठागरांची जमीन द्यायचं २०२४ मध्ये ठरलं. मिठागर म्हणजे भरतीचं पाणी सामावून घेणारी सखल जमीन. तिथे भराव घातला तर ते पाणी शेजारच्या कुठल्या वस्तीत जाणार, याचं उत्तर आधी मिळायला हवं. पुरातून उचलून पुराकडेच नेण्याला पुनर्वसन म्हणता येणार नाही.

जिथे हलवणं गरजेचं नाही तिथे त्याच जागी बऱ्याच सुधारणा होऊ शकतात: जोतं उंच करायची परवानगी, मीटर डोक्याच्या वर, गल्लीतल्या गटाराला उतार, शौचालयाचा मजला उंच. या गोष्टींना खर्च थोडा लागतो. अडतं ते कायद्याशी, कारण ‘अनधिकृत’ घराला दुरुस्तीची परवानगी सहज मिळत नाही.

पावसाळ्याआधी वस्तीने काय करावं?

प्रत्येक गल्लीत कोणाला उचलून न्यावं लागेल ते ठरवा: म्हातारी माणसं, अपंग, गरोदर बायका, एकट्या राहणाऱ्या. कोण उचलणार तेही नावानिशी. मुख्य स्विच कुठे आहे आणि कोण बंद करणार हे ठरवा, विजेच्या धक्क्याने जाणारे जीव याने वाचतात. दोरी, बॅटरी, शिट्टी एका ठरलेल्या घरात ठेवा. भरतीचं वेळापत्रक चौकात चिकटवा: साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी असेल तर त्या दिवशी सामान वर चढवा. मुंबईत पालिकेच्या आपत्ती कक्षाचा नंबर १९१६.

उघडं मॅनहोल दिसलं तर आधी त्यात बांबू उभा करून फडकं बांधा, मग फोन करा.

आणि वॉर्ड ऑफिसकडे नेमकं काय मागायचं?

‘आमच्याकडे लक्ष द्या’ असा मोघम अर्ज देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८ मध्ये जिल्हा आपत्ती प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंग व्यक्तींची नोंद ठेवावी आणि धोक्याच्या वेळी त्यांना कळवावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. ती नोंद तुमच्या वॉर्डापुरती दाखवा, असं लेखी मागा. माहिती अधिकारातही मागता येते. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती प्राधिकरणाची तरतूद आली आहे. तुमच्या शहरात ते स्थापन झालंय का, त्यात वस्त्यांचं प्रतिनिधित्व कोण करतं, हे विचारा.

मग तुमच्या वस्तीतला निवारा कुठला, त्याची चावी कुणाकडे, तिथे शौचालयं किती, आणि तुमच्या गल्लीतल्या गटाराचा गाळ शेवटी कधी काढला याची नोंदवही. अर्ज एप्रिलमध्ये द्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळं ऑफिस नाल्यावर असतं आणि जूनमध्ये तर कुणी भेटतच नाही. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.